कातणारे हात, धरणारे हात

कातणे म्हटले की मराठी माणसाला आधी सूत आठवते. चरखा, टकळी, पेळू हे सगळे त्याच घरातले शब्द. पण मराठीत सूत कातले जाते तसे लाकूडही कातले जाते. फिरत्या लाकडाला हत्यार लावून गोल आकार देणाऱ्या कारागिराला आपण कातारी म्हणत आलो. लाटणे, रवी, भोवरा, पाळण्याचे दांडे, खाटेचे पाय ही सारी त्याची कामे. रेखीव नाकाडोळ्यांच्या चेहऱ्याला आपण ‘कातीव’ म्हणतो, तो शब्दही याच कामातून आलेला. बेलूर-हळेबीडच्या होयसळ मंदिरांतले वळ्यावळ्यांचे दगडी खांब तर अक्षरशः कातीव आहेत. तिथला मऊ दगड फिरवत ठेवूनच त्याला आकार दिला असे मानतात.

सूत आणि लाकूड एकाच क्रियापदाखाली का यावेत? पाणिनीच्या परंपरेतला धातुपाठ उघडला की ‘कृत्’ हा धातू दोनदा भेटतो. तुदादि गणात त्याचा अर्थ आहे छेदन, म्हणजे कापणे. रुधादि गणात अर्थ आहे वेष्टन, म्हणजे गुंडाळणे, वेढणे. कर्तरी, कातर, कात्री ही पहिल्याची संतती. सूत कातण्याचे नाते दुसऱ्याशी जोडले जाते. लाकूड कातताना मात्र या दोन्ही क्रिया एकाच क्षणी घडतात. विजेची मोटर येण्यापूर्वी लाकडाच्या तुकड्याला दोरीचा वेढा घालत आणि एक जण ती दोरी आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ओढी. तुकडा गरगर फिरे आणि दुसरा त्यावर पटाशीसारखे हत्यार टेकवून कापत जाई. वेष्टन एकाकडे, छेदन दुसऱ्याकडे. धातुपाठाने वेगळे ठेवलेले दोन अर्थ कातारी आपल्या ओट्यावर रोज एकत्र आणत होता. दोरीच्या या पद्धतीत काम एकट्याचे नव्हते, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

याच कामाला आपल्याकडे दुसरा शब्द आला तो पश्चिमेकडून. अरबीत अशा कारागिराला ‘खर्रात’ म्हणतात आणि अरब देशांत ते आडनावही आहे. फारसीत त्याचा ‘खर्राद’ झाला आणि तिथून खराद, खरादी हे शब्द आपल्या भाषांत उतरले. सावंतवाडीच्या चितार आळीत, गोव्यात कुंकळ्ळीला, कर्नाटकात चन्नपट्टणला या कामाला रंगाची जोड मिळाली. चन्नपट्टणला कुड्याच्या जातीचे पांढरे, मऊ लाकूड खरादावर फिरत असतानाच त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याचे पान फिरवले की तिला झळाळी येते. तिथे कापणे आणि रंगवणे, दोन्ही एकाच गतीवर चालते.

युरोपातला शब्द असाच लांबून आलेला आहे. ग्रीक ‘तोर्नोस’ म्हणजे गोलाई आखायचे आणि कातायचे साधन. त्यावरून लॅटिन ‘तोर्नारे’, त्यावरून इंग्रजी ‘टर्न’. म्हणजे ‘वळणे’ या अर्थाचा इंग्रजीतला सर्वांत साधा शब्द मुळात लाकूड कातण्याचा आहे. ‘टूर’ त्याचाच, ‘अ‍ॅटर्नी’ही त्याच कुळातला. आपल्या आयटीआयमध्ये फिटर, वेल्डर यांच्या रांगेत बसणारा टर्नर लोखंड कातत असला तरी त्याचे नाव या जुन्या खरादाचेच. आणि आज जगभर प्रोग्रॅम लिहिणारे लोक फंक्शनच्या शेवटी जो ‘रिटर्न’ लिहितात, त्यातही तोच तोर्नोस फिरतो आहे. भारतीय-आर्य भाषांतल्या हजारो शब्दांची कुळे ज्यांच्या तौलनिक कोशात आपण शोधतो, ते राल्फ लिली टर्नर हेही आडनावाने खरादीच. 1916 साली त्यांनी मराठीतल्या आघातावर निबंध लिहिला होता. 

प्रोग्रॅमरांची गोष्ट इथे मुद्दाम काढली. मुक्तस्रोत, म्हणजे ज्याची संहिता कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते अशा सॉफ्टवेअरच्या जगात दिवसभर एखादा मोठा प्रकल्प सांभाळायचा आणि संध्याकाळी लाकूड कातायला उभे राहायचे, असा नेम असलेली माणसे आढळतात. पडद्यावरच्या कामाला स्पर्श नसतो, वास नसतो. लाकडाला दोन्ही असतात, एवढे कारण पुरेसे वाटते. पण शब्दांच्या वाटेने गेले की या दोन उद्योगांत याहून खोल नाते दिसते.

त्या नात्याचे चित्र विष्णुपुराणातल्या एका कथेत आहे. सूर्याचे तेज त्याच्या पत्नीला, संज्ञेला, सोसवेना. तिचा पिता विश्वकर्मा याने सूर्याला आपल्या खरादावर चढवले आणि त्याचे तेज कातून आठव्या हिश्शाने कमी केले. संस्कृतात त्या यंत्राला ‘भ्रमि’ म्हटले आहे. कातताना निघालेल्या तेजापासून त्याने विष्णूचे चक्र, शिवाचा त्रिशूळ, कार्तिकेयाची शक्ती घडवली. खरादावरून निघालेले काहीही त्याने स्वतःपाशी ठेवले नाही. ज्याला जे हवे ते मिळाले.

मुक्तस्रोताचा विचारही घडवलेले सर्वांना देऊन टाकण्याच्या याच वाटेचा. 1983 साली प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा सॉफ्टवेअर प्रकल्प जाहीर केला, तेव्हा त्यांनी इंग्रजीतला ‘फ्री’ हा शब्द वापरला. त्यांना स्वातंत्र्य म्हणायचे होते. लोकांनी फुकट असे ऐकले. हा घोटाळा टाळायला 1998 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी ‘ओपन सोर्स’ हा शब्द सुचवला. मराठीत ही अडचण आलीच नसती. ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ यांची आपल्याकडे कधी गल्लत होत नाही. ‘मुच्’ म्हणजे सोडवणे; जे बंधनातून सुटले ते मुक्त, मग त्याला किंमत असो वा नसो. ‘स्रोत’ हा ‘स्रु’ म्हणजे वाहणे या धातूपासून आलेला. तो ‘स्त्रोत’ असा लिहू नये. स्तोत्राशी आणि स्त्रीशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजी ‘सोर्स’ मात्र ‘वर येणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून निघाला. आपला ‘उगम’ही तसाच, उद् म्हणजे वर आणि गम् म्हणजे जाणे. म्हणजे इंग्रजी शब्द झऱ्याकडे पाहतो, आपला ‘स्रोत’ प्रवाहाकडे. हजारो लोकांनी भर घातलेल्या कामाला प्रवाहच अधिक शोभतो.

अशा कामाचे नेतृत्व कोणत्या शब्दाने सांगावे? मराठीत या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांचे दोन गट पडतात. पहिला गट पुढे चालणाऱ्यांचा. ‘नी’ म्हणजे नेणे, त्यावरून नेता, नायक, नाईक. पुढे असतो तो पुढारी. यांच्या मागे माणसे चालतात असे गृहीत आहे. दुसरा गट धरणाऱ्यांचा. धुर् म्हणजे जू. ते खांद्यावर घेतो तो धुरीण. ‘धृ’ म्हणजे धरणे. नावेचा कर्ण, म्हणजे सुकाणू, हाती धरतो तो कर्णधार. आज तो शब्द क्रिकेटच्या मैदानावर रुळला असला तरी त्याच्या मुळाशी पाणी आहे. 2014 साली जाहीर झालेल्या एका मुक्तस्रोत प्रणालीचे नाव आहे कुबेरनेटिस, आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थ नेमका कर्णधारच.

पायथन या संगणकभाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांना तिच्या चाहत्यांनी प्रेमाने ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ असे बिरुद दिले होते. 12 जुलै 2018 रोजी त्यांनी स्वतःहून ती जागा सोडली. पुढे पाच जणांचे निवडून दिलेले मंडळ आले, आणि त्याला दिलेले इंग्रजी नाव सुकाणूवरून घेतलेले आहे. हुकूम करणारा गेला, सुकाणू धरणारे आले. 1993 साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीची घटना याहून बोलकी. तिथला प्रमुख दर वर्षी मतदानाने निवडला जातो, आणि प्रकल्पासाठी काम करण्याचे बंधन घटना कोणावरही लादत नाही. ज्याला कोणालाही ‘हे करच’ असे म्हणता येत नाही, त्याचे नेतृत्व ‘नेणे’ या क्रियापदात बसणार कसे? डेबियनमध्ये ज्या पॅकेजला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तुकड्याला, वाली उरत नाही त्याला अनाथ म्हणतात, आणि कोणी ते दत्तक घेते. हे शब्द घराचे आहेत, दरबाराचे नाहीत.

अशा प्रत्येक तुकड्याची काळजी वाहणाऱ्याला ‘मेंटेनर’ म्हणतात. लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीच्या गाभ्यात तर अशा माणसांच्या नावांची एक स्वतंत्र फाइलच आहे. ‘मेंटेन’ हा शब्द फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला. मानू म्हणजे हाताने, तेनेरे म्हणजे धरणे. हाती धरतो तो मेंटेनर. धरणाऱ्यांच्या आपल्या गटात तो अगदी सख्ख्यासारखा बसतो.

आणि धरणे म्हणजे काय ते खरादावर कळते. तिथे हत्यार आधी टेकूवर घट्ट बसवायचे, मग त्याची उतरती पाठ फिरत्या लाकडाला अलगद लावायची आणि त्यानंतरच धार आत वळवायची. गती लाकडाची असते. हाताने फक्त दिशा द्यायची. जोर लावून धार आत घुसवली तर लाकूड हत्यारच पकडते, झटका बसतो आणि तासाभराच्या कामावर चर पडतो. स्वेच्छेने आलेल्या माणसांच्या उत्साहाचेही तसेच. तो मुळात फिरत असतो. त्याला धक्का देणे हे प्रमुखाचे काम नव्हे; टेकू पक्का ठेवणे आणि धार योग्य कोनात धरणे हे त्याचे काम.

मेंटेनरसाठी मराठीत ‘व्यवस्थापक’ लिहिण्याचा मोह होईल. मला त्याहून जुना शब्द जवळचा वाटतो: सूत्रधार. लाकडाच्या कामात तो पहिल्यापासून आहे. गेरूत भिजवलेली दोरी लाकडावर ताणून रेघ पाडणारा सूत्रधार प्राकृतात सुत्तहार झाला आणि मराठीत सुतार. पंधराव्या शतकात राणा कुंभाच्या पदरी असलेला वास्तुशास्त्राचा ग्रंथकार मंडन स्वतःला सूत्रधारच म्हणवून घेई. नाटकातही तोच शब्द आहे. संस्कृत नाटकात सूत्रधार नांदीनंतर प्रस्तावना करतो, प्रयोग उभा करतो आणि मुख्य अंक सुरू होण्याआधी रंगमंचावरून निघून जातो. पात्रे बोलू लागतात, कथा पुढे जाते, आणि त्याने नसावे हीच त्या प्रयोगाची रीत असते. सूत्र धरणे आणि वेळ आली की ते दुसऱ्याच्या हाती देणे, हे दोन्ही एका शब्दात मावते. मुक्तस्रोताच्या कामात मराठी माणसे आहेत, त्याचे मराठीकरणही करत आहेत. त्यांनी मेंटेनरच्या जागी हा शब्द लिहावा. तो वाचणाऱ्या नव्या मुलाला आपल्याकडून काय अपेक्षित आहे, ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.