वसईचा नाताळ आणि गावाचे हात

श्रोतेहो, डिसेंबर महिना लागला की वसईच्या वाड्यावाड्यांतून बांबू, पेंढा आणि कागदी चांदण्या यांची लगबग सुरू होते. कुणाच्या पडवीत नाताळच्या गोठ्याचा सांगाडा उभा राहतो, कुठे गाण्याची तालीम रंगात येते, कुठे मंडपाच्या खांबांचा हिशेब चाललेला असतो. या कामाचा कोणाला दमडीचाही पगार नाही. तरी चोवीस तारखेच्या रात्री सारे जिथल्या तिथे हजर असते. हे कसे घडते? आणि हे केव्हापासून घडत आले? आज आपण त्याचाच विचार करू.

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊ. 'नाताळ' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. जन्म या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून तो बनला आहे. दुसरा शब्द 'धर्मग्राम'. एक चर्च, त्याच्याभोवतीची काही गावे आणि त्या गावांतली कॅथलिक कुटुंबे मिळून एक धर्मग्राम होतो. धर्मगुरू एक, दोन, फार तर तीन. माणसे मात्र शेकड्यांनी, हजारांनी. तेव्हा नाताळचा सगळा भार एकट्या धर्मगुरूने उचलावा म्हटले, तर ते होणारच नाही. गावाला हात लावावाच लागतो.

ही रीत फार जुनी आहे. इटलीतील ग्रेचिओ नावाच्या खेड्यात 1223 साली संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गोठ्याचा देखावा मांडला. ती कथा पुष्कळांना ठाऊक असते. परंतु चारा, बैल आणि गाढव यांची व्यवस्था कोणी केली? त्यांच्या ओळखीच्या जोव्हान्नी नावाच्या एका गृहस्थाने! तो काही साधू नव्हता. फ्रान्सिस यांनी पंधरवडाभर आधी निरोप धाडला आणि त्याने सारी तयारी करून ठेवली. आसपासचे लोक मेणबत्त्या व मशाली घेऊन जमले. पहिल्या नामांकित गोठ्यामागेदेखील एक स्वयंसेवक होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्या वसईकडे वळू. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना देण्याचा तह केला, तो 23 डिसेंबर 1534 रोजी, म्हणजे नाताळच्या दोनच दिवस आधी. पुढची दोनशे वर्षे येथे पोर्तुगीज अंमल राहिला. त्या काळात देवळे पाडली गेली, जुलूमही झाले. इतिहास सांगताना ते झाकून ठेवता येत नाही. त्याच काळात किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संन्यासी संघांचे भव्य मठ आणि चर्चे उभी राहिली. आजारी, गरीब आणि अनाथ यांची काळजी वाहणारी 'मिझरिकॉर्दिया' नावाची संस्था लिस्बनमध्ये 1498 साली निघाली होती. तिची शाखा वसईतही होती. पण या साऱ्याला राजसत्तेचा टेकू होता.

तो टेकू 1739 साली निघाला. चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला जिंकला आणि मे महिन्यात पोर्तुगीज वसई सोडून गेले. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली गेली. युरोपीय मिशनरी मात्र निघून गेले. त्यांच्या जागी गोव्याकडचे देशी पाद्री आले, तेही थोडे. आता खरी परीक्षा रयतेची होती. ही रयत म्हणजे कोण? केळी, पानवेली, भाजी आणि फुले पिकवणारे सामवेदी व वाडवळ, आणि समुद्रावर पोट भरणारे कोळी.

आज तुम्ही वसईच्या किल्ल्यात गेलात, तर त्या भव्य चर्चांपैकी बहुतेकांच्या नुसत्या भिंती आणि कमानी दिसतात. किल्ल्याबाहेर मात्र सांडोर, पापडी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी येथली चर्चे नांदती आहेत. हा फरक का पडला असेल? किल्ल्यातल्या चर्चांभोवती अधिकारी आणि शिपाई राहत होते; ते गेले. गावच्या चर्चांभोवती शेतकरी आणि कोळी राहत होते. ते कुठे जाणार? ज्या वास्तूला रोज झाडणारा, दिवा लावणारा, गळके छप्पर शाकारणारा माणूस शेजारी असतो, ती वास्तू टिकते. शिक्षकबंधूंनो, वर्गात वसईचा विजय शिकवताना सनावळीबरोबर ही गोष्टही जरूर सांगा.

लोकांचा सहभाग भाषेवरही अवलंबून असतो. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात 'क्रिस्तपुराण' रचले, ते 1616 साली छापून निघाले. त्यात ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओव्यांत आहे. पण चर्चमधली मिस्सा पुढेही साडेतीन शतके लॅटिनमध्येच चालली. लोक भक्तिभावाने ऐकत. शब्द न् शब्द कळे, असे नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर 1963 मध्ये लोकभाषांना वाट मोकळी केली आणि हळूहळू मराठी मिस्सा रूढ झाली. मग शास्त्रपाठ वाचायला गावचाच मुलगा किंवा मुलगी पुढे आली, गाणी बांधायला गावचाच मास्तर बसला. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेने तर प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती असलीच पाहिजे, असा नियम केला. म्हणजे पैशाच्या वहीपाशीही गावचा माणूस आला.

नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाला 'आगमनकाळ' म्हणतात. खरी कामाची घाई तेव्हाची. तरुण मंडळी गोठा बांधतात, गायनपथक घरोघर जाऊन नाताळगीते गाते. कोणी आजाऱ्यांना आणि एकट्या म्हाताऱ्यांना भेटून येते. पॅरिसमध्ये 1833 साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह गरिबांच्या घरी जाऊन मदत करण्याचा प्रघात पाडला. त्यातून निघालेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे कार्यकर्ते आपल्याकडेही हे काम करतात. घराघरांत बायका फुगे आणि नेवऱ्या तळतात. त्यांतली एक ताटली शेजारच्या हिंदू घरी जाते. दिवाळीत तीच ताटली करंज्या-चकल्यांनी भरून आलेली असते, बरे का! या चुलीपाशी राबणाऱ्या हातांची नावे कोणत्याही समितीच्या फलकावर लागत नाहीत. सणाचा अर्धा भार मात्र त्यांच्यावरच असतो.

अशा कामातून आणखी एक गोष्ट घडते. माणसे एकमेकांना ओळखू लागतात, एकमेकांवर विसंबू लागतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईचे पाणी आणि हिरवाई वाचवण्यासाठी 'हरित वसई' चळवळ उभी राहिली. तिच्या नेत्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. पुढे 2020 साली धाराशिव येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या चळवळीत सर्व धर्मांची माणसे होती. जी गावे सणासाठी एकत्र बसायला शिकली होती, त्यांना विहिरींसाठी एकत्र यायला वेळ लागला नाही.

पण श्रोतेहो, ही शिदोरी आपोआप पुरत नाही. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. वाड्या विकल्या गेल्या, इमारती आल्या. पहाटेची लोकल गाठणारा तरुण रात्री दमून परततो; त्याने तालमीला केव्हा यावे? मग वाटते, मंडप भाड्याने आणू, गोठाही तयार विकत घेऊ, गाणी यंत्रावर लावू. सण तसाही साजरा होईल. परंतु गोठा बांधताना आजोबांनी नातवाला बांबूची गाठ मारायला शिकवायची, ती कोण शिकवणार? आणि पुराच्या दिवशी कोणाच्या दारावर हक्काने थाप मारायची?

हा प्रश्न एकट्या वसईचा नाही आणि एकट्या ख्रिस्ती समाजाचाही नाही. तुमच्या गावची जत्रा, उरूस, हरिनाम सप्ताह आठवून पाहा. पालखीचा रस्ता कोण झाडतो? पंगतीचे पाणी कोण भरते? शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना एक साधी वही घालून द्या. यंदाच्या सणात गावात बिनपगारी काम कोणी कोणी केले, ते त्यांनी विचारून लिहावे. आईचे आणि आजीचे नाव विसरू नये. राजे आणि लढाया यांच्या तारखा छापलेल्या आहेतच. गाव ज्यांनी तगवून धरले त्यांची नावे मात्र आपण लिहिली तरच उरतील.