नाण्यावरची अक्षरं

नालासोपाऱ्याचा ‘बुरूड राजाचा कोट’ तुमच्यातल्या कितीतरी जणींना ठाऊक असेल. तो कोट म्हणजे खरं तर बौद्ध स्तूप. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात इतर वस्तूंबरोबर चांदीचं एक लहानसं नाणं होतं. त्यावर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचा चेहरा आणि नाव आहे. सुमारे १,८०० वर्षांपूर्वीचं हे नाणं.

नाण्यावर चेहरा कुठून आला? त्यासाठी ग्रीस देशात जावं लागेल. अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला अथेना देवी आणि दुसऱ्या बाजूला घुबड असे. घुबड दिसलं की व्यापारी समजे, चांदी चोख आहे. पुढे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांनी देवीच्या जागी स्वतःचा चेहरा घातला. त्यांच्यातले काही आपल्या देशाच्या वायव्येला राज्य करू लागले. त्यांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात चालत, असं इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय. त्याच पुस्तकात आपल्या सोपाऱ्याचंही नाव आहे.

मग क्षत्रप राजा नहपानाने त्याच घाटाची नाणी पाडली. चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. पुढच्या क्षत्रपांच्या नाण्यांवर ती ग्रीक अक्षरं नुसती नक्षी होऊन राहिली. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं, पण चांदी वितळवत बसला नाही. त्याच नाण्यांवर आपला शिक्का मारला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १३,००० हून जास्त नाणी सापडली, त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर हा शिक्का आहे. पुढे सातवाहनांनी स्वतःची चांदीची नाणी काढली. चेहरा ठेवला, ग्रीक अक्षरं मात्र काढली. सोपाऱ्याच्या नाण्यावर राजाचं नाव प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत आहे.

त्या काळचा व्यवहारही असाच उघडा असे. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या विणकरांच्या एका संघाकडे २,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवले. व्याज शेकडा १ दरमहा. महिन्याला २०, वर्षाला २४०. त्यातून २० भिक्षूंना कपड्यासाठी प्रत्येकी १२. मुद्दलाला हात लावायचा नाही. हा सगळा हिशेब प्राकृतात, लेण्याच्या भिंतीवर कोरलाय.

तर बायांनो, आपल्या गटाच्या कर्जाचा कागद समोर आला आणि अक्षरं कळली नाहीत, तर ती आपल्यासाठी नुसती नक्षीच. दर किती, मुद्दल किती, हप्ता किती, हे मराठीत वाचून घ्या. मगच सही करा.