पेन प्लॉटरने पीसीबी-आरेखन
कॉपर क्लॅड बोर्डावर प्लॉटरच्या पेनाने थेट शाईचे ट्रॅक ओढून घरच्या घरी मुद्रित मंडल, म्हणजेच पीसीबी, बनवण्याची पद्धत. शाईखालचे तांबे टिकते. उघडे राहिलेले, बहुधा ३५ मायक्रॉन जाडीचे, फेरिक क्लोराइडच्या द्रावणात विरघळते.

यंत्र : ह्यूलेट-पॅकार्डच्या ७४७५ए सारख्या १९८० च्या दशकातील प्लॉटरांत रुळांमध्ये धरलेला कागद मागेपुढे सरकतो आणि पेन आडवे फिरते. १.६ मिमी जाडीचा ताठ बोर्ड त्यात जात नाही. त्यामुळे सपाट पाटाचा प्लॉटर लागतो, नाहीतर वाकणारा पातळ कॉपर क्लॅड. आज्ञा एचपी-जीएल भाषेत दिल्या जातात : ‘पीयू’ म्हणजे पेन वर, ‘पीडी’ म्हणजे खाली. या भाषेचे एक एकक ०.०२५ मिमी, म्हणजे या कामाला गरजेपेक्षा कितीतरी बारीक.

शाई : खरी अडचण इथे आहे. प्लॉटरच्या मूळ पेनांतील पाण्याची शाई द्रावणात टिकत नाही, म्हणून स्पिरिटवर आधारलेला परमनंट मार्कर बसवतात. तो मात्र यंत्राइतका शिस्तीचा नाही. वेग वाढला की रेघ विरळ होते आणि ट्रॅकला बारीक भोके पडतात. दुसरा हात फिरवावा, तर ओल्या स्पिरिटने पहिलाच थर उखडतो. त्यामुळे मध्ये वाळू देणे भाग. बोर्डावर बोटाचा तेलकट ठसा असेल तर तिथे शाई धरतच नाही.

आयसीच्या दोन पायांत २.५४ मिमी अंतर असते. पॅड १.५ मिमी धरले, तर मधून ०.४ मिमीची रेघ नेताना दोन्ही बाजूंना जेमतेम ०.३ मिमी उरतात. एवढ्यावर शाई पसरली की शॉर्ट ठरलेला. पॅड एकात एक वर्तुळे काढून भरतात, पण केंद्र कोरे ठेवतात. तिथले तांबे गेल्याने ड्रिलचे टोक आपोआप खळग्यात बसते.

सुटे भाग तांब्याच्या उलट बाजूने बसत असल्याने, वरून पाहिलेला आराखडा उलटवून आरशातल्यासारखा काढावा लागतो. हे विसरून वाया गेलेला एखादा बोर्ड बहुतेक हौशी मंडळींच्या खणात सापडेल.

लेसर प्रिंटरच्या टोनरची इस्त्रीने छाप घेण्याची पद्धत याहून बारीक ट्रॅक देते. प्लॉटर शोभतो तो रुंद ट्रॅकच्या, एकपदरी बोर्डांना.