दूध सोडलं, पण बी-१२ चं काय?

गाई-म्हशींच्या कणवेपोटी दूध-दही सोडणारे आता आपल्याकडेही दिसतात. (बेळगावात राहून कुंदा सोडायचा, म्हणजे सोपं नाही!) भाकरी, उसळ, शेंगदाणे, पालेभाजी यांतून प्रथिनं, लोह मिळतं, जीवनसत्त्व बी-१२ मात्र मिळत नाही. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मग हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, उदासी. घरचे म्हणतात, 'वय झालं'. रक्त तपासून घ्या. उशीर झाला तर नसांचं नुकसान भरून येईलच असं नाही. किती मात्रा, इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टर सांगतील. औषधातलं बी-१२ जिवाणूंपासून बनवतात, त्यात प्राण्याचं काही नसतं. कॅप्सूल असेल तर मात्र आवरण विचारून घ्या. ते बऱ्याचदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं असतं.