वादळ येण्याआधी समुद्र कसा मोजतात? वाशीमच्या शेतातून समजून घेऊ

मी वाशीम जिल्ह्यातला. आमच्या गावातून कोणताही समुद्र गाठायचा तर एक रात्र गाडीत काढावी लागते. मग समुद्राच्या संशोधनावर मी कशाला लिहितोय? कारण २०२१ साली एका समुद्री वादळाने आमचं सोयाबीन नेलं, आणि त्या वादळाची बातमी मी स्वतः मोबाईलवर वाचलेली होती. वाचली, पण समजली नाही.

२६ सप्टेंबर २०२१, रविवार. 'गुलाब' चक्रीवादळ संध्याकाळी आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमच्या उत्तरेला किनाऱ्यावर धडकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली की वादळाची तीव्रता घटली. बाबांनी विचारलं, "मंग आपल्याकडं येते का काई?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, नाही, ते तिकडंच संपलं. तेव्हा आमचं दोन एकर सोयाबीन सोंगून वावरात पडलेलं होतं. सुडी लावायची बाकी होती, ताडपत्री घरी. २७ आणि २८ तारखेला तेच वादळ तेलंगणातून मराठवाडा-विदर्भावर आलं आणि पाऊस कोसळला. चार दिवसांनी शेंगांना कोंब फुटले. हवामान खात्याच्या इशाऱ्यात विदर्भ-मराठवाड्याचं नाव होतं. चूक माझ्या वाचण्याची होती.

'तीव्रता घटली' म्हणजे नेमकं काय घटलं?

वारा. फक्त वारा. आपल्याकडे या वादळांची वर्गवारी वाऱ्याच्या वेगावरून होते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन, ६२ च्या वर गेलं की चक्रीवादळ आणि त्याला नाव मिळतं. जमिनीवर आल्यावर झाडं, डोंगर, इमारती यांच्या घर्षणाने वारा पडतो आणि खालून मिळणारी समुद्राची वाफ तुटते. पण वर हजारो फुटांवर जी वाफ आधीच भरून आणलेली असते, ती कुठं जाणार? ती पाऊस होऊन वाटेत सांडत जाते. म्हणून 'तीव्रता घटली' ही बातमी पत्र्यांसाठी चांगली असते, सोंगलेल्या सोयाबीनसाठी नाही. गुलाब तर आमच्यावरून जाऊन गुजरातजवळ अरबी समुद्रात उतरलं, तिथं पुन्हा जोर धरला, 'शाहीन' असं नवीन नाव घेतलं आणि ३ ऑक्टोबरला ओमानला धडकलं.

सॅटेलाईट आहे ना, मग समुद्रात जायचं कशाला?

हा प्रश्न मलाही पडला होता. अडचण अशी की तापमान बघणारा सॅटेलाईट समुद्राची फक्त वरची कातडी बघतो. वादळाला साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर गरम पाणी लागतं, पण ते किती खोलपर्यंत गरम आहे हे जास्त महत्त्वाचं. वादळाचा वारा समुद्र घुसळतो. गरम पाण्याचा थर पातळ असेल तर खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाची चूल विझायला लागते. थर जाड असेल तर कितीही घुसळलं तरी गरमच पाणी. हा थर मोजायचा तर यंत्र पाण्यात सोडावंच लागतं.

बंगालच्या उपसागरात आणखी एक गोष्ट आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी या नद्यांचं गोडं पाणी पावसाळ्यात तिथं येतं. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर पसरून बसतं आणि खालचं गार पाणी सहजासहजी वर येऊ देत नाही. त्यात थोडा वाटा आपलाही आहे बरं का. पैनगंगेचं पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत तिथंच जातं. काटेपूर्णा मात्र आपल्याच जिल्ह्यात उगवून पूर्णा-तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते. म्हणजे वाशीमचा पाऊस दोन्ही समुद्रांत जातो.

कोणती यंत्रं वापरतात?

पहिलं म्हणजे नांगरलेला बॉय. मोठा तरंगता पिवळा डबा समजा, खाली समुद्रतळाला वजन आणि मध्ये लांब दोर. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था हे बॉय भर समुद्रात लावते. वर वारा, हवेचा दाब, तापमान मोजणारी उपकरणं. खाली दोरावर ठराविक अंतराने सेन्सर, ते ५०० मीटर खोलीपर्यंतचं पाणी मोजतात. माहिती सॅटेलाईटवरून किनाऱ्यावर येते. वादळ बॉयच्या जवळून गेलं तर त्या आकड्यांना तोड नाही. पण बॉयभोवती मासे जमतात, माशांमागे बोटी येतात, आणि दोर तुटण्याचे, उपकरणं मोडण्याचे प्रकार होतात. एक बॉय बंद पडला की समुद्राचा तेवढा भाग आंधळा. दुरुस्तीला जहाजच न्यावं लागतं, आणि ऐन वादळात तर जाताच येत नाही.

दुसरं, आर्गो फ्लोट. याला दोर नाही. सिलिंडरसारखं हे यंत्र १००० मीटर खोलीवर वाहत राहतं, मग २००० मीटरपर्यंत खाली जातं आणि मोजत मोजत वर येतं. वर-खाली कसं होतं? आतलं तेल बाहेरच्या रबरी पिशवीत ढकललं की आकार वाढतो, वजन तेवढंच राहतं, म्हणून वर येतं. तेल आत घेतलं की बुडतं. बस, एवढंच. जगभरात असे सुमारे ४००० फ्लोट आहेत. पण एक फेरी साधारण दहा दिवसांची, आणि वादळ तीन-चार दिवसांत पार निघून जातं. म्हणून दोन्ही लागतात.

भारतात ही सगळी माहिती प्रामुख्याने 'इन्कॉइस'मध्ये जमा होते. आणि हे इन्कॉइस आहे कुठं, तर हैदराबादला! तिथंही समुद्र नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं.

समुद्राचा तळ कशाला मोजायचा?

आपल्याला वादळ म्हणजे पाऊस. किनाऱ्यावरच्या माणसाला आधी चढतं पाणी दिसतं. वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलतो. तळ खोल असेल तर ते खालून परत फिरतं, उथळ असेल तर त्याला जागाच नसते, ते किनाऱ्यावर चढतं. म्हणून तेवढ्याच वाऱ्याचं वादळ एका ठिकाणी फूटभर पाणी आणतं आणि दुसरीकडे गाव बुडवतं. मुंबईसमोरचा समुद्र बघा. मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किलोमीटर आत आहे, तरी तिथं पाणी ७५ मीटरच्या आसपासच खोल.

तळ मोजतात आवाजाने. जहाजाखालून आवाज सोडायचा, तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. दोन सेकंदांनी परत आला तर खोली १५०० मीटर, कारण जाणं-येणं दोन्ही धरायचं. वेग तापमान आणि खारेपणावर बदलतो, म्हणून तेही मोजावं लागतं. नव्या यंत्रात पंख्यासारखे शेकडो किरण एकदम जातात आणि तळाचा पट्टाच्या पट्टा उमटतो. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून समुद्राच्या अशा अभ्यासात आहे.

किनाऱ्यावरचं काम त्यापेक्षा साधं आणि घामाचं. ठरलेल्या खुणेपासून पाण्यापर्यंत जीपीएसची काठी घेऊन चालायचं, दर काही पावलांवर वाळूची उंची नोंदवायची. पुढच्या हंगामात पुन्हा तीच रेघ. वादळानंतर घराच्या भिंतीवर पाण्याची ओल कुठवर आली तेही मोजायचं, कारण संगणकाचा अंदाज बरोबर होता की नाही हे त्या ओलीच्या रेषेवरूनच कळतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला आलं तेव्हाच्या वाळूचा हिशोब करायचा, तर त्याआधीची मापं हाताशी हवीत. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ चा अभ्यास केला, त्यात देशाचा ३३.६ टक्के किनारा झिजताना आढळला, महाराष्ट्राचा सुमारे २५ टक्के.

मग आपण काय बघायचं?

हवामान खात्याच्या साईटवर चक्रीवादळाचं बुलेटिन निघतं. त्यात एक तक्ता असतो: तारीख-वेळ, वादळाच्या केंद्राचं ठिकाण, वाऱ्याचा वेग, प्रकार. ठिकाण अक्षांश-रेखांशात दिलेलं असतं. वाशीम शहर साधारण २०.१ उत्तर, ७७.१ पूर्व. गुलाब किनाऱ्यावर आलं ते ८४ पूर्वेच्या आसपास आणि पुढे रेखांश कमी कमी होत गेला, म्हणजे ते पश्चिमेला, आपल्याकडे निघालं होतं. रेखांश ७७ कडे येतोय आणि अक्षांश १८ ते २१ च्या दरम्यान आहे, तर प्रकाराच्या रकान्यात नुसतं 'डिप्रेशन' लिहिलेलं असलं तरी सोंगणी थांबवा, किंवा सोंगलेलं झाकून घ्या. त्याखाली जिल्हा किंवा विभागवार पावसाचा इशारा असतो, तो वाऱ्याच्या इशाऱ्यापासून वेगळा वाचा. 'मेघदूत' ॲपवर आपल्या जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज मराठीत मिळतो, तोही जोडीला बघा.

आमच्याकडे आता सप्टेंबर लागला की हा तक्ता बाबा स्वतः मागतात. चष्मा लावून रेखांशाच्या रकान्यावर बोट ठेवतात, आणि मजुरांना फोन त्यानंतर जातो.