मांजराच्या अन्नाची कुळकथा

मराठी घरांतून शिंकें आतां बहुतेक नाहींसें झालें आहे. परंतु शिंक्याचें तुटलें आणि बोक्याचें साधलें, ही म्हण अद्याप जिवंत आहे. दूध, दहीं, लोणी मांजराच्या तोंडी लागूं नये म्हणून गृहिणी तें आढ्याला टांगून ठेवी. याचा अर्थ असा कीं, घरांत मांजर हवें होतें, पण त्याच्यासाठीं निराळें पान मांडण्याची रीत नव्हती. मग तें जगत होतें कशावर? या प्रश्नाचें उत्तर अमरकोशांत एका शब्दांत सांपडतें. ओतु, बिडाल, मार्जार या नांवांच्या जोडीला मांजरासाठीं तेथें 'आखुभुक्' असेंहि एक नांव दिलेलें आहे. आखु म्हणजे उंदीर. तो खाणारा तो आखुभुक्. मांजराचें अन्न कोणतें, हें कोशकारानें त्याच्या नांवांतच नोंदवून ठेविलें. दूध पिणारें म्हणून मात्र त्याची ओळख करून दिली नाहीं.

मनुष्याची आणि मांजराची गांठ पडली ती धान्याच्या कोठारापाशीं. पश्चिम आशियांत शेती सुरू झाली, धान्य सांठूं लागलें, धान्यापाठोपाठ उंदीर आले, आणि उंदरांपाठोपाठ रानमांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत मनुष्याशेजारीं मांजराचा सांगाडा पुरलेला आढळला. तो शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याला मनुष्यानें आपल्या ताटांतील उष्टें घालून आपलेंसें केलें, आणि हजारों वर्षांत कुत्र्याचें पोट भाकरतुकडा पचवावयास शिकलें. मांजराचें तसें झालें नाहीं. तें घरांत राहिलें, चुलीशेजारीं निजलें, पण जेवलें मात्र रानांतल्यासारखेंच. मनुष्यानें त्याला आसरा दिला आणि त्यानें मनुष्याचें धान्य राखलें, एवढाच उभयतांमधील करार होता.

हा करार पाळला जाण्यास कोंकणांतील पेण आणि रोहें या गांवांइतकीं योग्य स्थळें थोडींच असतील. १८६९ साली कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९८१ पासून त्यास रायगड हें नांव मिळालें. परंतु नांव कोणतेंहि असो, या मुलखाचें मुख्य पीक भात हेंच होय. पेण हें भोगावतीच्या कांठीं, तर रोहें कुंडलिकेच्या. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतें खाडींतून आंत येत, आणि भात व मीठ भरून ओहोटीबरोबर परत जात. घरोघरीं भाताच्या कणग्या, पेंढ्याच्या दोरानें आवळलेले मुडे, अंगणांत पेंढ्याची उडवी. जेथें इतका दाणा तेथें उंदीर असावयाचाच. खारभूमीच्या बांधांना तर उंदीर आणि खेकडे भोंकें पाडीत, आणि एखाद्या उधाणाच्या रात्रीं खारें पाणी शेतांत शिरून पुढील कित्येक हंगामांचें पीक बुडे. अशा मुलखांत मांजर हें केवळ कौतुकाचें जनावर नव्हतें. तें कणगीचें राखणदार होतें.

अन्नाच्या बाबतींत मात्र येथील सर्व मांजरांचें नशीब सारखें नव्हतें. आगरी आणि कोळी वस्तींत संध्याकाळीं म्हावरें साफ होऊं लागलें म्हणजे मांजरें भोंवतीं गोळा होत. माशांची डोकीं, आंतडीं, कोळंबीचीं टरफलें त्यांच्या वांट्यास येत. पेणच्या बाजूस प्रसिद्ध असलेल्या जिताड्याचें डोकें माणसेंच चवीनें खात, तेव्हां तें मांजरापर्यंत पोंचणें कठीण. परंतु मांदेली, बोंबील आणि करंदी यांच्या दिवसांत त्याची चंगळ असे. उलट ब्राह्मण आळींतील मांजरास घरच्या लोकांकडून मिळे तो दूधभात, किंवा तूप कढविल्यावर उरलेली बेरी. बाहेरून पाहणारास वाटावें कीं, हें मांजर शाकाहारी झालें. वस्तुतः तें माळ्यावर आणि परसांत आपलें खरें जेवण उरकून येई, आणि दूधभात हा त्याचा वरचा खाऊ असे. घरच्या मंडळींस त्याचें दूधभात खाणें दिसे, माळ्यावरील शिकार दिसत नसे. यांतूनच मांजर दूधभातावर वाढतें, हा समज दृढ झाला. आणि आज हाच समज अनेक मांजरांच्या दुःखास कारण होत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं मांजराचें हें अन्न एकदम सार्वजनिक महत्त्वाचा विषय बनलें. १८९६ साली मुंबईंत प्लेग उद्भवला आणि पुढें सर्व इलाख्यांत पसरला. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत असें दाखविलें कीं, उंदराच्या अंगावरील पिसवा हा रोग पसरवितात. तेव्हां वऱ्हाडांत, अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल ब्युकॅनन यांनीं गांवोगांवचीं मांजरें मोजण्यास आरंभ केला. ज्या गांवीं मांजरें पुष्कळ, तेथें प्लेगचा जोर कमी, असें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि मांजर पाळणें हा प्लेगवरील एक उपाय आहे, असें प्रतिपादन त्यांनीं १९०८ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत केलें. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. पण त्याला दुसरीहि एक बाजू होती. रोगी उंदीर खाल्लेल्या मांजरालाहि प्लेग होऊं शकतो, आणि त्याच्यापासून तो माणसालाहि होऊं शकतो. कच्च्या भक्ष्याबरोबर पोषण पोटांत जातें, तसा रोगहि जातो, हा धडा तेथें मिळाला. तो आज पुन्हा आठवावा लागत आहे.

याच सुमारास मोठ्या शहरांतून मांजराचें अन्न विकत मिळूं लागलें होतें. एकोणिसाव्या शतकांतील लंडनमध्यें घोड्याचें मांस काडीला टोंचून दारोदार विकणारे फेरीवाले असत. मांजराच्या मांसाचा माणूस या नांवानेंच ते ओळखले जात. म्हणजे तेथें मालक पदरचा पैसा खर्चून मांजराला मांस घालूं लागले. परंतु घोड्याच्या मांडीचा तुकडा आणि अख्खा उंदीर यांत फार मोठें अंतर आहे, हें कळावयास आणखी शंभर वर्षें जावीं लागलीं.

त्या ज्ञानाचा प्रवास मोठा वळणावळणाचा आहे. १९३२ पासून १९४२ पर्यंत अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत फ्रान्सिस पॉटेंजर या डॉक्टरांनीं शेंकडों मांजरांवर प्रयोग केले. कांहींना कच्चें मांस, कांहींना शिजविलेलें. कच्च्या मांसावरील मांजरें पिढ्यान्पिढ्या धट्टींकट्टीं राहिलीं; शिजविलेल्या मांसावरचीं उत्तरोत्तर दुबळीं होत गेलीं. अग्नीनें मांसांतील प्राणच नष्ट होतो, असा अर्थ अनेकांनीं त्यावरून काढला, आणि कच्च्या मांसाच्या पुरस्कर्त्यांनीं हे प्रयोग आजतागायत डोक्यावर घेतले आहेत. परंतु खरें कारण त्या वेळीं कोणासच ठाऊक नव्हतें.

तें कारण ज्या द्रव्यांत दडलें असावें, तें रसायनशास्त्रज्ञांना १८२७ पासून परिचित होतें. जर्मनींत टीडमन आणि ग्मेलिन यांनीं बैलाच्या पित्तांतून एक द्रव्य काढलें होतें. लॅटिन भाषेंत बैलास टॉरस म्हणतात, त्यावरून त्यास टॉरिन हें नांव पडलें. बहुतेक प्राणी तें आपल्या शरीरांत पुरेसें तयार करतात. मांजरास तें साधत नाहीं. १९७५ साली असें सिद्ध झालें कीं, टॉरिन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो आणि तें कायमचें आंधळें होतें. १९८७ साली कॅलिफोर्नियांतील पशुवैद्यांनीं दाखवून दिलें कीं, त्याच उणीवेमुळें मांजराचें हृदय फुगून निकामी होतें. विशेष हें कीं, या आजारी मांजरांपैकीं अनेकांना नामांकित कारखान्यांचें तयार अन्न मिळत होतें. त्यानंतर कारखानदारांनीं त्यांतील टॉरिनचें प्रमाण वाढविलें. टॉरिन पाण्यांत विरघळतें. मांस उकळून पाणी फेंकून दिलें कीं तें त्याबरोबर वाहून जातें. पॉटेंजरांच्या प्रयोगांचा उलगडा पुढें अनेक तज्ज्ञांनीं बव्हंशीं असाच केला. दोष अग्नीचा नव्हता, फेंकून दिलेल्या रसाचा होता.

या सर्व शोधांचें सार एका उंदरांत सामावलेलें आहे. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला सुमारें दोनशे ते अडीचशे कॅलरी लागतात, आणि एका लहान उंदरांत त्या तीसच्या आसपास असतात. म्हणजे रोजचे आठ उंदीर. त्या प्रत्येकांत स्नायु आहेत, टॉरिननें भरलेलें हृदय आहे, अ जीवनसत्त्वाचें यकृत आहे आणि कॅल्शियमचीं हाडें आहेत. गाजरांतील पिवळ्या रंगापासून अ जीवनसत्त्व बनविण्याची शक्ति माणसांत आहे, मांजरांत नाहीं. त्यास तें यकृतासारख्या पदार्थांतून आयतेंच मिळालें पाहिजे. नुसत्या मांसांत फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. केवळ खिम्यावर वाढविलेल्या पिलाचीं हाडें कांहीं आठवड्यांतच इतकीं नाजूक होतात कीं, साध्या उडीनें तीं मोडतात. उलट लाडानें रोज यकृतच घातलें, तर अ जीवनसत्त्व अतोनात सांठून मानेचे मणके जखडतात.

मासळीच्या मुलखांत राहणारांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत, चॅस्टेक नांवाच्या गृहस्थांच्या पालनकेंद्रांतील कोल्हे कच्चे मासे खाऊन लुळे पडूं लागले. अनेक जातींच्या कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें, असें त्यावरून निष्पन्न झालें. केवळ कच्च्या मासळीवर ठेविलेलें मांजरहि असेंच लटपटूं लागतें, त्याची मान खालीं वळते, आणि त्यास झटके येतात. मासे शिजविले म्हणजे हें घातक द्रव्य नष्ट होतें. कोळीवाड्यांतील मांजराला या रोगानें सहसा गांठलें नाहीं, तें अशासाठीं कीं, त्याच्या पोटांत डोक्यां-आंतड्यांबरोबर उंदीर, पाली आणि पांखरेंहि जात होतीं.

आज पेणमध्यें आणि रोह्यांत कणग्या आणि मुडे दुर्मिळ झाले आहेत. भात गिरणींत जातो, तांदूळ पिशवींतून घरीं येतो. धाटावच्या कारखान्यांमुळें रोह्याची वस्ती वाढली, चाळींच्या व वाड्यांच्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या, आणि मांजर तिसऱ्या मजल्यावर जाळी लावलेल्या खिडकींत बसूं लागलें. तेथें उंदीर नाहीं. म्हणजे करारांतील त्याचें काम संपलें. पण त्याबरोबर त्याचें स्वयंपाकघरहि बंद झालें, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत आली. कांहीं घरीं पूर्वींचा दूधभात तेवढा शिल्लक राहिला. तो खाऊन मांजर हळूहळू खंगतें, आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना तर दूध पचतहि नाहीं. कांहीं घरीं याच्या उलट, परदेशांतून आलेल्या विचारानुसार, घरींच कच्च्या मांसाचें अन्न तयार करतात. १९९३ साली ऑस्ट्रेलियांतील पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनीं कुत्र्यांसाठीं कच्चें मांस आणि हाडें यांचा पुरस्कार करणारें पुस्तक लिहिलें. पुढें मांजर पाळणारांतहि तो विचार पसरला. या विचारांतील मूळ तत्त्व, मांजर मांसाशी आहे, हें निर्विवाद सत्य आहे. चूक होते ती कोंबडीचे चार तुकडे म्हणजेच उंदीर, असें मानण्यांत.

आणि येथेंच प्लेगच्या काळचा तो जुना धडा पुन्हा समोर येतो. २००४ साली थायलंडांतील एका व्याघ्रोद्यानांत कच्च्या कोंबड्या खाल्लेले वाघ बर्ड फ्लूनें दगावले. मरण पावलेले आणि मारावे लागलेले मिळून ते १४७ होते. २०२४ च्या डिसेंबरांत नागपूरच्या गोरेवाडा येथें तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि त्यांच्यांत याच रोगाचा विषाणु आढळल्याचें पुढील महिन्यांत निश्चित झालें. त्याच जानेवारींत पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यांत, चिरनेर येथें, कोंबड्यांत बर्ड फ्लू सांपडला. मांजर हें वाघाच्याच कुळांतलें. मांस गोठवून ठेविल्यानें कांहीं कृमि मरतात. परंतु हा विषाणु किंवा साल्मोनेलाचे जंतु त्यानें खात्रीनें मरत नाहींत. ज्या ओट्यावर मांजराचा खिमा तयार होतो, त्याच ओट्यावर लेंकरांची पोळी लाटली जाते, हेंहि विसरून चालत नाहीं.

तेव्हां मांजराला घरचेंच अन्न द्यावयाचें असेल, तर मांस शिजवून त्याच्या रसासकट द्यावें. त्यांत हृदय असावें, यकृत अगदीं थोडें असावें. शिजविलेलीं हाडें घशांत टोंचतात म्हणून तीं वगळून, कॅल्शियमची भरपाई अंड्याच्या कवचाच्या पुडीनें करावी. आणि टॉरिन, तसेंच इतर जीवनसत्त्वें, यांचें प्रमाण पशुवैद्यास विचारून ठरवावें. एवढा खटाटोप होत नसेल, तर परिपूर्ण म्हणून तयार केलेलें विकतचें अन्न द्यावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

पूर्वींच्या गृहिणीनें मांजरासाठीं पान मांडलें नाहीं, म्हणून ती निष्ठुर ठरत नाहीं; तिच्या माळ्यावर तें रोजच मांडलेलें होतें. आजच्या घरांत तो माळा नाहीं. मांजराला जाळीच्या आंत ठेवणारानें त्याच्या आठ उंदरांची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली आहे. ती नुसत्या मायेनें पार पडत नाहीं. उंदरांत काय काय होतें, तें मोजून वाटींत घालावें लागतें.