विद्यापीठ ग्रंथालयातील संग्रह व्यवस्थापन

विद्यापीठ ग्रंथालयातील संग्रह व्यवस्थापन म्हणजे मुद्रित ग्रंथ, नियतकालिके, प्रबंध व इलेक्ट्रॉनिक साधने यांची निवड, खरेदी, नोंदणी, जतन आणि कालबाह्य साहित्य बाद करणे यांची एकत्रित व्यवस्था होय. यवतमाळ जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये १९८३ मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचे ग्रंथालय ‘डॉ. श्रीकांत जिचकार स्मृती ज्ञानस्रोत केंद्र’ या नावाने ओळखले जाते.

मुद्रित संग्रह

खरेदी केलेल्या ग्रंथाला दाखल क्रमांक देऊन त्याचे वर्गीकरण व तालिकीकरण केले जाते. ग्रंथ ग्रंथालयाच्या मालकीचा असतो. मात्र एक प्रत एका वेळी एकाच वाचकाला मिळते. यवतमाळहून अमरावती सुमारे ९० किलोमीटर असल्याने जिल्ह्यातील विद्यार्थी दैनंदिन वाचनासाठी प्रामुख्याने आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयावर अवलंबून असतो. साठा पडताळणी, बांधणी आणि वाळवी व दमटपणापासून संरक्षण ही जतनाची नेहमीची कामे आहेत.

इलेक्ट्रॉनिक संग्रह

ई-नियतकालिकांच्या बाबतीत ग्रंथालय बहुधा मालकी नव्हे, तर ठरावीक मुदतीचा वापरपरवाना घेते. वर्गणी थांबल्यावर जुने अंक उपलब्ध राहतील की नाही, हे करारातील अटींवर ठरते. त्यामुळे छापील अंक बंद करण्यापूर्वी या अटी तपासणे आवश्यक असते.

गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना २०१० मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे सदस्य महाविद्यालयांतील विद्यार्थी व अध्यापकांना वैयक्तिक लॉगिनद्वारे ई-पुस्तके व ई-नियतकालिके वाचता येतात. केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांसाठी आहे. तिच्यासाठी २०२५ ते २०२७ या काळाकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्या कक्षेत येतात.

प्रबंध

पीएच.डी. प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांत करण्यात आली. हे प्रबंध ‘शोधगंगा’ या मुक्त भांडारात ठेवले जातात. ते वाचण्यासाठी वर्गणी लागत नाही.

समन्वय

दोन्ही संग्रहांची नोंद एकाच ऑनलाइन तालिकेत असल्यास एकाच साहित्यावर दुहेरी खर्च टळतो. महाविद्यालयांतील वाचकांसाठी मात्र सदस्यत्वाचे वेळेवर नूतनीकरण, लॉगिनचे वाटप आणि वापराचे प्रशिक्षण या बाबी निर्णायक ठरतात. त्यांच्या अभावी उपलब्ध ई-साहित्यही वाचकापर्यंत पोहोचत नाही.